सही जुळत नाही

मतदान संपून सहा दिवस झाले
आणि माझ्या टेबलावर निवडणूक अजून चालूच आहे.
रीनो, नेवाडा. तळमजला, खिडकी नाही.
कॉफीच्या यंत्रावर कुणीतरी चिकटवलंय:
हे बिघडलंय. दोष कुठल्याही पक्षाचा नाही.

वरच्या मजल्यावर आकडा हलतो.
सकाळी हे दोनशे बारांनी पुढे,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते एकोणनव्वदांनी.
तळ्यात, मळ्यात, तळ्यात,
अख्खं राज्य एका पायावर.

माझ्याकडे अडलेली पाकिटं.
आत मत, बाहेर सही,
आणि सही जुन्या सहीशी जुळत नाही.
यादीत नाव, पत्ता,
पक्षाच्या रकान्यात 'कुठलाच नाही'.
दोन्हीकडचे ह्यांच्यावरच टपलेले,
आणि हे ताकास तूर लागू देत नाहीत.

फोन केला की म्हणतात, राँग नंबर.
उन्हाळ्यापासून इतक्या अनोळखी माणसांनी
त्यांना लाडाने नावानिशी हाक मारलीय
की नावाचाच वीट आलाय.
एक बाई म्हणाली, दोन नोकऱ्या करून मत दिलं,
आता अक्षरही सुधारू?
एकाने विचारलं, माझं नाही मोजलं तर काय बिघडेल?
मी म्हटलं, सांगता येणार नाही.
नियमच तसा आहे. शिवाय ते खरंही होतं.

मग बातिस्त एचेगोयेन, वय ब्याऐंशी.
चार फोन. चारही वेळा आपटला.
दोन्ही पक्षांची पोरं एकाच दुपारी त्याच्या दारात:
एकाने अंगणातला पाचोळा गोळा करून दिला,
दुसरी सफरचंदाचा केक घेऊन आलेली.
पाकिटात कोण आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.
त्याने केक ठेवून घेतला
आणि दार लावलं.

आज, मुदत संपायला दहा मिनिटं असताना
तो स्वतःच आला. बसने.
टोपी काढून काउंटरवर ठेवली.
मी दोन्ही सह्या त्याच्यापुढे सरकवल्या,
एक एकोणऐंशी सालची, ताठ,
एक परवाची, वाऱ्यात सापडलेल्या दोऱ्यासारखी.
जुनीकडे तो बघत राहिला
फोटोतल्या धाकट्या भावाकडे बघावं तसा.

म्हणाला, एकोणिसाव्या वर्षी मेंढ्या घेऊन वर डोंगरात होतो.
महिनोन्‌महिने माणूस दिसायचा नाही.
ॲस्पनच्या पांढऱ्या सालीवर
सुरीच्या टोकाने नाव काढायचो.
खोल नाही हं. नुसता ओरखडा.
त्या दिवशी काहीच दिसत नाही.
पुढे झाडच ते काळं करतं, रुंद करतं, सावकाश.
गेल्या वर्षी नातीने नेलं तिथे.
नाव हातभर पसरलेलं,
पहिलं अक्षर फाटून त्याची दोन झालेली.
मी ओळखलं.
तुमच्या यंत्राने परत पाठवलं असतं.

मी म्हटलं, इथे सही करा.
दुसऱ्या हाताने त्याने स्वतःचं मनगट धरलं,
लोकर कातरताना कोकरू धरतात तसं,
दुखणार नाही पण सुटणारही नाही असं.
ट्वायला किल्ल्या घेऊन दाराशी उभी होती.
घड्याळाकडे बघितलं तिने, बोलली नाही.
तीन मिनिटं उरली होती
तेव्हा शेवटचं अक्षर कागदावर उतरलं.

मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.
तोच म्हणाला, आमच्याकडे यादीच्या तळाशी
एक ओळ असते ना, वरीलपैकी कोणीही नाही?
आणि हसला.
म्हणजे तिथे खूण केली,
की तिथवर जाऊन परत फिरला,
काही कळलं नाही.

पाकीट मोजणीच्या पेटीत टाकलं.
उद्या वर आकडा हलेल,
एकाने.
किंवा हलणार नाही.

त्याची बस चुकली होती. मी गाडीने सोडलं.
वाटेत निवडणुकीबद्दल एवढंच बोलला
की केक कोरडा होता.